जलरंग, चिनी शाई आणि कमळ : कोऱ्या कागदाचा प्रश्न

प्रस्तावना : पुण्यातील जलरंगाचा संस्कार मुख्यतः निसर्गचित्रणाचा आहे. मिलिंद मुळीक यांच्या चित्रांनी व पुस्तकांनी पारदर्शक रंगलेपाची ही पद्धती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविली. या संस्कारातील चित्रकार चिनी शाईने कमळ रंगवू लागतो, तेव्हा प्रश्न केवळ नव्या साधनाचा राहत नाही. कोऱ्या कागदाचा अर्थच बदलतो.

विवेचन : जलरंगात कोरा कागद म्हणजे प्रकाश. सा. ल. हळदणकर यांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या जलरंगचित्रात भोवतालच्या गडद छटांमुळेच दिव्याचे तेज प्रत्ययाला येते. चिनी शाईचित्रात मात्र कोरा कागद म्हणजे अवकाश. बादा शानरन (१६२६–१७०५) यांच्या कमळचित्रांत पाणी रंगविलेले नसते. लांब देठ आणि ओल्या शाईची पाने यांवरूनच ते जाणवते.

ही दृष्टी मराठी चित्रकारांना अगदीच परकी नाही. नंदलाल बसू १९२४ मध्ये रवींद्रनाथांसमवेत चीनला गेले होते. त्यांच्या कलाभवनात कोल्हापूरचे विनायक मासोजी शिकले आणि पुढे तेथेच अध्यापक झाले.

साधनांच्या बाजूने हा मेळ शक्य आहे. काजळी व सरस यांपासून बनलेली शाई कागदात मुरून पूर्ण वाळली, की तिच्यावरील जलरंग सहसा गढूळ होत नाही. अडचण कागदाची आहे. चिनी श्वान कागद शाई तत्काळ शोषतो, त्यामुळे फटकारा पुसता येत नाही. खळ दिलेल्या जलरंगाच्या कागदावर ती पृष्ठभागावर रेंगाळते आणि कडा कठीण होतात. सुती चिंध्यांपासून कागद करणारी शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून पुण्यातच आहे. खळ कमी-अधिक असलेले हातकागद पारखून घेणे, ही येथील चित्रकाराची पहिली कसोटी ठरावी.

प्रत्यक्षात शाईची बाह्यरेषा काढून तीत गुलाबी रंग भरला जातो आणि पाण्यावर निळा लेप दिला जातो. अशा चित्रात शाई कुंपण ठरते, तर निळ्या लेपाने अवकाश नाहीसा होतो. दोन्ही परंपरांचे बाह्य रूप उरते, दृष्टी एकीचीही उरत नाही.

निष्कर्ष : पानांना व देठांना शाई, पाकळ्यांना विरळ जलरंग आणि पाण्याला कोरा कागद, अशी विभागणी अधिक सयुक्तिक वाटते. तीत पाकळीवरील पांढरा प्रकाश होतो, भोवतीचा पांढरा पाणी होतो. एकाच कागदावर हे दोन अर्थ नांदविता आले, तरच त्या मेळाला समन्वय म्हणता येईल.