पाऊणपट आणि पाव तास : जुन्या बेसिकमधला एक प्रोग्रॅम आणि त्याची दोन रूपांतरे

रायगडच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची तर आधी तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हिशेब बोटांवर होतो आणि अलिबागच्या पुळणीवरून कुलाबा किल्ल्यात पायी जायचे की घोडागाडीने, की आज जायचेच नाही, हे ठरवायला बहुतेक वेळा पुरतो. पण हिशेब तंतोतंत नाही. अमावास्या ते पौर्णिमा या पंधरा तिथींत भरतीची वेळ सरासरी बारा तास पुढे सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. पाऊणपटीत ४५ मिनिटेच धरली आहेत. रोजची तीन मिनिटे साठत जातात आणि पौर्णिमेला पाऊणपट सव्वाअकरा सांगते, जिथे सरासरीचा हिशेब बारा सांगतो.

या पाऊण तासावर १९८७ च्या सुमारास अलिबाग तालुक्यातल्या एका शाळामास्तरांनी एक प्रोग्रॅम लिहिला. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. यंत्र होते डीबी स्पेक्ट्रम प्लस. ब्रिटनमध्ये १९८२ साली निघालेल्या सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रमच्या पुढच्या आवृत्तीचा हा परवान्याने निघालेला भारतीय अवतार. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो १९८६ मध्ये बाजारात आणला. घरच्या टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचा. गुरुजींच्या कॅसेटला खाऱ्या हवेत बुरशी लागली. प्रोग्रॅम वाचला तो वहीमुळे, कारण त्यांनी तो ओळ-क्रमांकांसह शाईने उतरवून ठेवला होता. कुटुंबीयांनी मला वहीची प्रत दिली आणि सोबत दोन रूपांतरेही दिली. एक पनवेलच्या एका तरुण अभियंत्याने क्यूबी६४ या आजच्या बोलीत केलेले, दुसरे एका निवृत्त प्राध्यापकांनी विंडोजवरच्या बीबीसी बेसिकमध्ये केलेले. दोन्ही चालतात. या लेखाचा विषय त्या 'चालतात' या शब्दाचा आहे.

बोली हा शब्द मी जाणून वापरला. केमेनी आणि कर्ट्झ यांनी १९६४ साली डार्टमथ कॉलेजात बेसिक जन्माला घातली तेव्हा ती एक होती. घरगुती संगणक आले आणि प्रत्येक यंत्राची बेसिक वेगळी झाली, आगरी आणि चित्पावनी एकाच खाडीच्या दोन काठांवर वेगळ्या बोलल्या जाव्यात तशी. १९७८ पर्यंत हा गोंधळ एवढा वाढला होता की डेव्हिड लीन यांना या बोलींचा कोशच काढावा लागला. कुठली आज्ञा कुठल्या यंत्रावर चालते, चालत नसेल तर तिच्याऐवजी काय लिहावे, अशी 'द बेसिक हँडबुक'ची रचना आहे. बेसिकचा मोल्सवर्थच म्हणा. पण कोश अडलेल्या शब्दाला कामी येतो. न अडलेला शब्द कोशात कोण पाहणार?

आधी अडलेल्या जागा पाहू. (आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो.) भरतीची वेळ काढल्यावर पाणी कसे असेल ते गुरुजी असे सांगतात : गो सब ५०० + १० * टी. टी म्हणजे तिथी. म्हणजे तृतीयेला प्रोग्रॅम ५३० व्या ओळीवर जातो आणि दशमीला ६०० व्या. तिथी हाच ओळीचा पत्ता. गंमत अशी की वहीत पंधरा ओळी नाहीत, पाचच आहेत : ५३० वर उधाण, ५७० वर उतरते पाणी, ६०० वर भांग, ६३० वर चढते पाणी, ६५० वर पुन्हा उधाण. चतुर्थीला ५४० वी ओळ नाही. स्पेक्ट्रम अशा वेळी तक्रार करत नाही, पुढची जी ओळ सापडेल तिथे जाते, म्हणजे ५७० वर. नसलेल्या ओळींकडून काम करून घेण्याची ही रीत मला फार आवडली. शिवाय वाटणी डोळसपणे केलेली आहे. उधाण अमावास्या-पौर्णिमेला संपत नाही, तृतीयेपर्यंत रेंगाळते. भांगही अष्टमीला येऊन दशमीपर्यंत राहतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

क्यूबी६४ मध्ये गो सबपुढे असा हिशेब लिहिताच येत नाही. बीबीसी बेसिकमध्ये लिहिता येतो, पण ५४० वी ओळ नसली तर ती तसे सांगून थांबते. दोन्ही रूपांतरकारांना इथे थांबावे लागले, विचार करावा लागला आणि दोघांनीही सिलेक्ट केससारखी स्वच्छ मांडणी करून प्रश्न सोडवला. वहीतली वीण गेली, अर्थ राहिला. यात तक्रारीला जागा नाही.

दुसरी अडलेली जागा गमतीची. गुरुजी शून्य कधी शून्य म्हणून लिहीत नाहीत, 'नॉट पाय' लिहितात. स्पेक्ट्रमवर प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या प्रत्येक संख्येमागे सहा बाइट गुपचूप खर्च होतात, तर नॉट आणि पाय या दोन आज्ञा मिळून दोनच बाइट. पाय ३.१४ म्हणजे शून्य नाही, म्हणून खरे, म्हणून त्याचा नकार शून्य. एवढ्याशा प्रोग्रॅमला या काटकसरीची गरज नव्हती, पण काटकसर गरजेपुरती करणारा माणूस खरा काटकसरी नसतो. क्यूबी६४ ला पाय हे नावच ओळखीचे नाही. ती त्याला रिकामा डबा समजते, रिकामा म्हणजे शून्य, आणि शून्याचा नकार तिच्याकडे उणे एक होतो. पडद्यावर उणे एक वाजल्याचे पाहून अभियंता सावध झाला आणि त्याने सगळे नॉट पाय शोधून शून्य केले. चूक बोलली, म्हणून दुरुस्त झाली.

आता न अडलेली जागा. माझ्या मते सगळ्या प्रोग्रॅमचा जीव याच एका ओळीत आहे :

लेट एच = टी * .७५ + (.२५ अँड टी >= ५) + (.२५ अँड टी >= १०) + (.२५ अँड टी >= १५)

सुरुवातीला कोळ्यांची पाऊणपट. पुढे पंचमीपासून पाव तास, दशमीपासून आणखी पाव तास, पौर्णिमेला आणखी एक. रोजची तीन मिनिटे पाच दिवसांत पंधरा होतात, ती गुरुजींनी त्या त्या दिवशी चुकती केली. पौर्णिमेला बरोबर बारा. आता हा 'अँड' पाहा. स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेल्या स्पेक्ट्रमच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ स्वच्छ दिला आहे : उजवीकडचे खरे असेल तर डावीकडची किंमत जशीच्या तशी, नसेल तर शून्य. तेव्हा अष्टमीला पहिल्या कंसातून .२५ येते आणि उरलेल्या दोन कंसांतून शून्य.

आधुनिक बेसिकमध्ये याच शब्दाचे काम निराळे आहे. तिथे खरे म्हणजे उणे एक, म्हणजे द्विमान पद्धतीत सगळ्या जागी एक. अँड दोन पूर्णांक घेतो आणि त्यांचे बिट एकाखाली एक ठेवून जुळवतो. पूर्णांक मिळाला नाही तर आधी तो करून घेतो. .२५ चा पूर्णांक शून्य. शून्य कशाशीही जुळवला तरी शून्यच. म्हणजे तिन्ही कंस प्रत्येक तिथीला शून्य होतात. कुठलीही सूचना येत नाही, पडदा लाल होत नाही, उत्तर वेडेवाकडे दिसत नाही. अभियंत्याने ही ओळ फक्त 'लेट' गाळून जशीच्या तशी ठेवली आहे आणि त्याचे यंत्र पौर्णिमेला भरती सव्वाअकराला सांगते. किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारून ताळा केला तर तो म्हणेल, बरोबर, पाऊणपट. त्याच्या हिशेबाने संध्याकाळची ओहोटी ५ वाजून २७ मिनिटांनी, गुरुजींच्या हिशेबाने ६ वाजून १२ मिनिटांनी. पहिल्या वेळेवर विसंबून किल्ल्याकडे निघालेला माणूस अजून उतरत असलेल्या पाण्यात पाय घालेल.

गेले ते नेमके काय? पाऊणपट तर उरली. ती गुरुजींची नव्हतीच, किनाऱ्याची होती. गेले ते तीन पाव तास, म्हणजे त्या ओळीत गुरुजींचे स्वतःचे जेवढे होते तेवढेच. भाषांतरात हा प्रकार मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. अवघड शब्दाशी भाषांतरकार अडतो, कोश काढतो, चार जणांना विचारतो. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र तो न थबकता ओलांडतो, आणि मूळ लेखकाने नेमके तिथेच आपले काही ठेवलेले असते. वाक्य सुरळीत उतरते. वाचकाला शंका येत नाही. परीक्षणात 'ओघवते' असे विशेषण मिळते.

त्या वर्षांत आपल्या देशात खरे म्हणजे किती, याची दोन उत्तरे शेजारी शेजारी नांदत होती, हेही नोंदवावेसे वाटते. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या क्लास प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो आले. तिथे खरे म्हणजे उणे एक. घरच्या टीव्हीला जोडलेल्या स्पेक्ट्रमवर खरे म्हणजे एक. शाळेत एक बेसिक आणि घरी दुसरी वापरणाऱ्या मुलाला प्रमाणभाषा आणि बोली यांच्यातले अंतर व्याकरणाच्या तासाआधीच कळले असेल.

प्राध्यापकांच्या रूपांतरात ही चूक नाही. त्यांना अँडची भानगड ठाऊक होती. त्यांनी ओळीचा हेतू ओळखला, आकडेमोड केली आणि सबंध ओळीच्या जागी लिहिले : एच = टी * .८. तिथीला ४८ मिनिटे, हिशेब संपला. गणित म्हणून हे सरस आहे. पंचमी, दशमी आणि पौर्णिमा या तिथींना उत्तर तेच, मधल्या तिथींना सरासरीच्या अधिक जवळचे. तरीही मला हे रूपांतर अभियंत्याच्या रूपांतरापेक्षा अधिक खटकते, आणि का ते सांगायला हवे.

गुरुजींना .८ सुचले नसेल असे मानायला जागा नाही. पाच तिथींना पाव तास कमी पडतो हे ज्याने काढले, त्याला .७५ मध्ये .०५ मिळवणे जमले असतेच. शून्याचे बाइट वाचवण्यासाठी नॉट पाय लिहिणारा माणूस इथे .२५ तीनदा लिहितो, तीन तुलना लिहितो, सगळ्या वहीतली सर्वांत लांब ओळ लिहितो, आणि हे सगळे 'टी * .८' इतक्यात मावत असताना. ही लांबी हेतुपूर्वक आहे असेच मी वाचतो. पाऊणपट आधी, तिच्या जागी, अखंड. दुरुस्ती नंतर, कंसात. बापाच्या हस्ताक्षरातल्या वहीत मुलाने समासात लिहावे तसे. प्राध्यापकांनी समास आणि मजकूर एकत्र करून सुवाच्य प्रत केली. त्या प्रतीवरून आता कुणालाही कळणार नाही की इथे आधी एक लोकरीत होती आणि मग तिच्यावर एका शिक्षकाने काम केले.

यावर एक रास्त आक्षेप येईल. भरतीची वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टके आहेत, मुंबईच्या अपोलो बंदरातल्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. या प्रोग्रॅमचा आज उपयोग काय? आणि जतनच करायचे तर इम्युलेटर आहे, आजच्या संगणकावर जुना स्पेक्ट्रम हुबेहूब उभा राहतो, रूपांतर कशाला? आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे, आणि त्यामुळेच .८ मला अनावश्यक वाटते. नेमकी वेळ कोष्टकात आहे, तर रूपांतराने नेमकेपणा वाढवून काय मिळवले? दुसरा भाग अर्धाच खरा. इम्युलेटर प्रोग्रॅम चालवतो, वाचून दाखवत नाही. आज बेसिक शिकलेला मुलगा ती ओळ वाचेल तेव्हा अँडचा आजचाच अर्थ लावेल आणि गुरुजींनी शून्य मिळवून ठेवली असे समजेल. त्याच्यासाठी रूपांतर हवे. आणि ते अवघड नाही. एच = टी * .७५ ही पहिली ओळ, मग इफ टी >= ५ देन एच = एच + .२५, तसेच दहाला आणि पंधराला. चार ओळी. कंसातली चतुराई जाते, पण जुने आधी आणि नवे नंतर हा क्रम राहतो.

राहिला अक्षरांचा प्रश्न, आणि इथे प्राध्यापकांना दाद दिली पाहिजे. स्पेक्ट्रमवर आपल्या मनासारखी अक्षरे घडवायला एकवीस जागा असत, प्रत्येक जागा आठ बाय आठ ठिपक्यांची. गुरुजींनी त्यांत भरती आणि ओहोटी हे दोन शब्द बसवले, तेही आठच चिन्हांत : भ, र, त, ह, ट, अ, दुसरी वेलांटी आणि काना-मात्रा. भरतीची वेलांटी ओहोटीलाही कामी येते आणि अला काना-मात्रा दिली की ओ. अक्षर आणि स्वरचिन्ह वेगळे ठेवण्याचे हेच तत्त्व पुढे इस्कीत आणि १९९१ पासून युनिकोडमध्ये आपण वापरतो. वरची ठिपक्यांची ओळ मात्रेसाठी मोकळी, दुसऱ्या ओळीत शिरोरेषा, उरलेल्या सहांत अक्षर. वहीत चौकडीच्या कागदावर प्रत्येक चिन्ह पेन्सिलीने काढून चिकटवलेले आहे. क्यूबी६४ च्या साध्या प्रिंटला देवनागरी येत नाही, म्हणून अभियंत्याने 'हाय टाइड' आणि 'लो टाइड' लिहून मार्ग काढला. उधाण आणि भांग यांचेही इंग्रजी झाले. प्राध्यापकांच्या लक्षात आले की बीबीसी बेसिकमध्ये व्हीडीयू २३ ही आज्ञा अगदी तशीच आठ बाय आठची अक्षरे घडवते, वरून खाली आठ ओळी, प्रत्येक ओळीला एक आकडा. त्यांनी वहीतले आठ चिन्हांचे चौसष्ट आकडे एकही न बदलता उतरवले. एका जागी वहीत गुरुजींच्या हातून हच्या पोटात एक ठिपका जास्त पडला आहे. तोही त्यांनी ठेवला.