दोन करारपत्रे

परीक्षणाच्या या पानांत काव्य किंवा कादंबरी शोधणाऱ्या वाचकांस आज थोडा विस्मय वाटेल. कारण आम्ही हाती घेतली आहेत ती दोन करारपत्रे होत. एक मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या संगणकप्रणालीचे. दुसरे ‘ग्नू जनरल पब्लिक लायसन्स’ या नावाचे, ज्याच्या आधारे लिनक्सचा गाभा जगभर वाटला जातो. अगणित लोकांनी मान्य करावे आणि फारच थोड्यांनी वाचावे, असे हे गद्य आहे. पण ज्या लेखनाने आपण बांधले जातो, ते टीकाकाराच्या कक्षेबाहेर का असावे?

निमित्त असे. विंडोज १० ही आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी निघाली, आणि हीच अखेरची आवृत्ती, असे कंपनीच्या एका सेवकाने त्याच वर्षी जाहीर व्याख्यानात सांगितले. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी दहाव्या आवृत्तीच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. वर्षभराची वाढीव मुदत मिळाली खरी, पण तीही अटींसह. नव्या आवृत्तीस टीपीएम २.० ही सुरक्षेची जोड आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत बसत नाहीत. तेव्हा तेलगावसारख्या गावी एखाद्या विद्यार्थ्याने जुना म्हणून स्वस्तात घेतलेला संगणक पूर्वीसारखाच चालतो, आणि तरीही तो टाकाऊ ठरतो.

पहिल्या करारपत्राची वाक्यरचना पाहण्यासारखी आहे. त्यात कर्तेपण बहुधा कंपनीकडे असते. वाचकाच्या वाट्यास संमती येते. प्रणाली आपणांस विकलेली नाही, केवळ वापरण्याची परवानगी दिली आहे, हा त्याचा मूळ सूर. आपोआप येणाऱ्या सुधारणांस आपली आगाऊ मान्यता आहे, आणि आतील रचना उलगडून पाहण्यास मनाई आहे. आम्ही कंपनीवर अन्याय करू इच्छीत नाही. दहा वर्षे दुरुस्त्या पुरविणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि नव्या जोडीने सुरक्षा वाढते हेही खरे. मुदत संपली यात दोष नाही. मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणास दुरुस्ती करू द्यावयाची नाही, यात दोष आहे.

दुसऱ्या करारपत्राचा उगम रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पात आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८९ ची, दुसरी १९९१ ची, तिसरी २००७ ची. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्सचा गाभा १९९२ मध्ये या करारपत्राखाली आला. वापरावे, अभ्यासून बदलावे, प्रती वाटाव्या, बदललेल्या प्रतीही वाटाव्या, अशी चार स्वातंत्र्ये ते राखते. अट एवढीच की, जो वाटील त्याने घेणाऱ्यासही तीच द्यावी. प्रस्तावनेत तळमळ आहे. पुढे मात्र वकिली काटेरी कुंपण आहे. हमी कसलीच नाही.

मराठी वाचकांस यातील तत्त्व परके वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो पोथ्या उघड्या होत्या म्हणूनच. त्यात स्वतःची ओवी कोणी घालू नये, असेही त्यांनी बजावले. गंमत अशी की, या करारपत्राची प्रतही कोणी वाटावी, पण तिच्या शब्दांत बदल करू नये, अशी अट त्याच्या माथ्यावरच आहे.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले. त्यांचा हेतू रक्षणाचा होता. पण लीळाचरित्रासारखे गद्य त्यामुळे पंथाबाहेरच्या मराठी वाचकांस शतकानुशतके अज्ञात राहिले. आपण तीच चूक हेतूवाचून केली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी आपले छापखाने व कचेऱ्या पुढे कित्येक वर्षे प्रत्येक कंपनीच्या निराळ्या फाँटात मराठी टंकीत राहिल्या. तो फाँट नसेल, तर त्या पानावर अर्थहीन चिन्हांची रास दिसते. १६१५ मध्ये दिवंगत झालेल्या दासोपंतांची अंबाजोगाईची पासोडी लिपी जाणणाऱ्यास आजही वाचता येते. तीस वर्षांपूर्वीचा आमचाच टंकलिखित लेख आम्हांस वाचता येत नाही.

म्हणून उद्याच सर्वांनी विंडोज सोडावी, असे आम्ही म्हणत नाही. हिशेबाचे आणि जुन्या फाँटांचे कित्येक प्रोग्राम लिनक्सवर नीट चालत नाहीत, हे लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. आधी आपले लेखन युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात आणावे; मग मोडीत निघणाऱ्या संगणकावर लिनक्स घालून पाहावी. हा क्रम आम्हांस शहाणपणाचा वाटतो.

दुसऱ्या करारपत्राचा मोठा दोष मात्र सांगितलाच पाहिजे. त्याचा अधिकृत पाठ केवळ इंग्रजीत आहे. भाषांतरांस अधिकृत मान्यता नाही. ज्याच्या स्वातंत्र्यासाठी ते लिहिले, त्या तेलगावच्या विद्यार्थ्यास ते दुर्बोधच राहते. पण मूळ न बदलता त्याचा अर्थ लोकभाषेत उलगडणे ही तर आपली जुनी विद्या. ज्ञानेश्वरी ही टीकाच आहे. कायदा आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्या एखाद्या मराठी लेखकाने या करारपत्रावर सुबोध टीका लिहावी. तिचे परीक्षण आम्ही आनंदाने करू.