न खेळलेल्या क्वार्टरबॅकचं काय?

अमेरिकन फुटबॉलबद्दल थोडंफार वाचत असाल, तर ‘क्वार्टरबॅक ओळखणं म्हणजे निव्वळ नशीब’ हा दावा तुमच्या कानावर आला असेल. या दाव्यामागे बहुतेकदा डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स या अर्थशास्त्रज्ञांचा २०११ चा शोधनिबंध असतो. छापून येण्याआधीच त्यावरून ग्लॅडवेल आणि पिंकर यांची २००९ मध्ये चांगलीच जुंपली होती.

निबंधाचं म्हणणं थोडक्यात असं. ड्राफ्टमध्ये (इथे बोली नसते, संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात) उंची, ४० यार्डांची धाव आणि वंडरलिक ही बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची चाचणी यांना भाव मिळतो. पुढच्या खेळाशी मात्र त्यांचा फारसा संबंध दिसत नाही. वर निवडलेल्यांना संधी जास्त मिळते, पण दर चालीमागचा खेळ बघितला तर ते खास सरस ठरत नाहीत.

पहिला भाग मला पटतो. दुसऱ्यात मात्र घोळ आहे.

दर चालीमागचा खेळ मोजायचा तर खेळाडू मैदानात उतरलेला हवा. समजा, वर्गातल्या पहिल्या दहा जणांना सरांनी सरसकट पळवलं आणि शेवटच्या पन्नासातले मात्र सरावात बरे दिसलेले दोघेच उतरवले. मग दोन्ही गटांची सरासरी सारखी आली म्हणून गुणानुक्रम निरुपयोगी ठरतो का? उरलेले अठ्ठेचाळीस हिशेबात आलेच नाहीत की!

गंमत म्हणजे या दाव्याचं लाडकं उदाहरण टॉम ब्रेडी. २००० च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक गेले, त्याचा क्रमांक १९९ वा. पहिल्या हंगामात त्याने फेकलेले पास किती? तीन. २००१ मध्ये ड्रू ब्लेडसो जखमी झाला म्हणून त्याला जागा मिळाली. ती दुखापत झाली नसती तर ब्रेडी कदाचित बराच काळ त्या न मोजलेल्यांतच राहिला असता.

आणि वर निवडलेल्यांनाही संधी सारखी मिळते असं नाही. २०१८ मध्ये दहाव्या क्रमांकावर घेतलेल्या जॉश रोझेनला संघाने वर्षभरातच दुसरीकडे धाडलं. तिसऱ्या क्रमांकाचा सॅम डार्नोल्ड संघ बदलत राहिला आणि २०२४ मध्ये मिनेसोटाकडून १४ सामने जिंकला. त्याच ड्राफ्टमधल्या लमार जॅक्सनला तर काही जाणकार ‘तू रिसीव्हर हो’ म्हणत होते. तो ३२ वा गेला आणि २०१९ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याने ऐकलं असतं, तर क्वार्टरबॅकच्या तक्त्यात त्याची ओळच नसती.

हंगामाआधीच्या सराव सामन्यांत राखीव क्वार्टरबॅकही पास फेकतात आणि ते आकडे उघड असतात. न मोजलेल्यांचा हिशेब तिथून सुरू करता येईल. अडचण एवढीच, की समोरचा बचावही बऱ्याचदा राखीव खेळाडूंचाच असतो.