नवगावकरांनी वाचावे असे सान निकांद्रो



गेल्या हिवाळ्यात आमच्या इथल्या सिनेगॉगच्या वाचनमंडळाने जॉन डेव्हिस यांचे ‘द ज्यूज ऑफ सान निकांद्रो’ हे इंग्रजी पुस्तक वाचायला घेतले. अमेरिकेत येल विद्यापीठाने ते २०१० साली छापले. लेखक तेव्हा कनेक्टिकट विद्यापीठात इटलीच्या इतिहासाचे प्राध्यापक होते. मंडळात बेने इस्राएल मी एकटीच.

सान निकांद्रो हे दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतातले, गार्गानो डोंगराच्या कुशीतले जुने गाव. नावच ख्रिस्ती संताचे. त्या राज्यातून यहुद्यांना १५४१ मध्ये पार घालवून दिलेले, त्यामुळे गावात यहुदी म्हणून कोणी पाहिलेलाच नव्हता. तिथे दोनातो मांदुत्सिओ नावाचा गरीब माणूस राहत होता. पहिल्या महायुद्धात तो पायांनी अधू झाला आणि लष्करी इस्पितळात लिहायवाचायला शिकला. १९३० साली प्रॉटेस्टंट प्रचारकांकडून आलेले बायबल त्याच्या हाती पडले. जुना करार वाचून त्याला वाटले, खरा धर्म हाच. पण तो पाळणारे लोक तर केव्हाच नामशेष झाले असतील. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन तो शब्बाथ पाळू लागला. पुढे एका फिरत्या विक्रेत्याने सांगितले, अहो, मोठ्या शहरांत यहुदी आहेत की! १९३१ मध्ये त्याने रोमच्या मुख्य रब्बींना पत्र घातले. रब्बींना ती थट्टा वाटली.

हे वाचताना मंडळीही हसली. मला हसू आले नाही. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, शनिवारी घाणा बंद ठेवून शनिवार तेली म्हणवले, शेमा तेवढा तोंडपाठ राहिला. आणि पुढे दावीद रहाबीने बायकांपुढे मासे ठेवले, तेव्हा खवले व पर असलेलेच त्यांनी निवडून घेतले. ही हकिकत मी सांगितली. एका बाईंनी लगेच विचारले, “म्हणजे तुम्हीही असेच यहुदी झालात का?”

नाही बाई. आम्ही झालो नाही, होतोच. हा फरक मोठा आहे आणि तो मी ठासून सांगितला. पण घरी येऊन पुन्हा पुस्तक उघडले तेव्हा मनात आले, बायबल तरी आपल्याला कोणी दिले? १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या शाळांत आपली मुले शिकली, डॉ. विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. त्यांना आपल्याला ख्रिस्ती करायचे होते, आपण ते शिकून अधिक पक्के यहुदी झालो. मांदुत्सिओचेही तेच! अमेरिकेतून परतलेल्या इटालियन मजुरांनी दक्षिणेच्या गावोगावी पेंटेकोस्टल पंथ नेला, त्या वाऱ्यात हे झाड उगवले. डेव्हिस हा धागा फार चांगला उलगडतात. मुसोलिनीच्या राज्यात अशा पंथांवर पोलिसांची नजर कशी होती, ते वाचल्यावर या शेतमजुरांचे धाडस कळते. १९३८ च्या वंशकायद्यांनंतर इटलीत यहुदी म्हणवून घेणे म्हणजे संकट ओढवून घेणे. तरी हे लोक मागे फिरले नाहीत.

१९४३ मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या पॅलेस्टाईनच्या यहुदी शिपायांच्या मोटारी तिकडून गेल्या, त्यांवर दावीदचा तारा होता. तो भाग वाचताना मी चष्मा काढून ठेवला. पुरुषांची सुंता अखेर १९४६ साली झाली. पत्र १९३१ चे, म्हणजे पंधरा वर्षे नुसती वाट! मांदुत्सिओ मार्च १९४८ मध्ये वारला, इस्राएल राष्ट्र जन्माला येण्याच्या दोन महिने आधी. पुढच्या वर्षी त्याची माणसे इस्राएलला गेली.

वाट पाहणे म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको. १९६२ च्या फर्मानाने आपल्या लग्नांत आजीपणजीची चौकशी सुरू झाली. मी तेव्हा मुंबईत शाळेत होते. मामांचे पत्र आले की आई ते आम्हाला न दाखवता उशीखाली ठेवायची. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतींत यहुदी असल्याचे जाहीर केले, तेव्हा आईने शिरा केला. पत्रात काय होते ते मात्र तिने कधीच सांगितले नाही.

म्हणूनच माझी तक्रार आहे. डेव्हिस कागदपत्रांचे माणूस. मांदुत्सिओची रोजनिशी आणि मिलानचे राफाएले कांतोनी यांच्यासारख्या शहरी पुढाऱ्यांचा व्यवहार त्यांनी बारकाईने तपासला आहे. पण रोजनिशी पुरुषाची आणि पत्रेही बहुतेक पुरुषांचीच. बायकांनी स्वतःच्या बोलीत भजने रचली, त्या गात राहिल्या. गावात मागे राहिलेल्यांतही धर्म टिकवला तो बायकांनीच. त्यांच्याविषयी मला कितीतरी अधिक वाचायचे होते. मलिद्याच्या ताटाभोवती एलियाहू हनावीचे गाणे म्हणणाऱ्या आपल्या आज्यांचा इतिहास कुठल्या दप्तरात सापडेल? लेखकाचा दोष थोडा, दप्तराचा जास्त. पण दोष आहेच.

दुसरे, मांदुत्सिओला स्वप्ने पडत, दृष्टान्त होत. तिथे प्राध्यापकमहाशय जरा अवघडून बोलतात, पाहुण्याच्या घरी देव्हाऱ्यासमोर उभे राहावे तसे.

फिन लापिद यांचे १९५३ चे पुस्तक याच विषयावर आहे. ते स्वतः त्या शिपायांपैकी. त्यात भाव जास्त, पुरावा कमी. एकच वाचायचे असेल तर डेव्हिसच घ्या. इटलीच्या राजकारणाची पाने कंटाळवाणी वाटली तर खुशाल सोडा, पण १९३१ चा पत्रव्यवहार सोडू नका. इथल्या सार्वजनिक वाचनालयात मागितले तर दुसऱ्या गावाहून मागवून देतात. अक्षर बारीक आहे, भिंग जवळ ठेवा.