महाविद्यालयातील वीजबचत : एका प्रश्नाची चिकित्सा

महाविद्यालयाच्या आवारातील ऊर्जाधोरणाचा विचार करताना राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने विचारलेल्या एका प्रश्नाकडे लक्ष द्यावे लागते. परिषदेच्या सुधारित नियमावलीत, सातव्या निकषाखाली, पाच सोयींची यादी दिली होती : सौरऊर्जा, जैववायू संयंत्र, वीजजाळ्यात वीज सोडण्याची व्यवस्था, संवेदकांच्या साहाय्याने होणारी बचत, आणि एलईडी दिवे किंवा कमी वीज घेणारी अन्य साधने. यांपैकी जितक्या अधिक, तितकी श्रेणी वरची.

या प्रश्नाचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. विजेचा विचार केवळ खर्चाची बाब म्हणून न होता संस्थेच्या मूल्यांशी जोडला गेला, हे लहान कार्य नव्हे. परंतु प्रश्नाचे स्वरूप पाहिले म्हणजे त्यातील उणीव ध्यानात येते. तो ‘आहे काय?’ असे विचारतो; ‘किती?’ असे विचारीत नाही. साधन असणे ही बचतीची पूर्वतयारी होय; ती स्वतः बचत नव्हे.

सोलापुरात ही उणीव केवळ तात्त्विक राहत नाही. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि परीक्षांचा हंगामही बहुधा तोच असतो. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि मातीचे माळवद उष्णतेला आत शिरू देण्यास विलंब लावीत. आजच्या वर्गखोलीवरचा काँक्रीटचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता खाली सोडतो. म्हणून येथे दिव्यापेक्षा पंख्याचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो. साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, बीएलडीसी पंखा सुमारे ३०. असे १०० पंखे बदलले आणि ते वर्षातून २०० दिवस, रोज ६ तास चालले, तर ५,४०० युनिटांची बचत होते.

या आकड्याला पाण्याचीही बाजू आहे. शहरानजीक फताटेवाडी येथे ६६० मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात. त्यांना पाणी उजनी धरणाचे लागते. १ जानेवारी २०१७ नंतर उभारलेल्या अशा केंद्रांना एका युनिटमागे ३ लिटर पाण्याची कमाल मर्यादा आहे. आपल्या वर्गात येणारी वीज त्याच केंद्राची असते असे नव्हे. तथापि त्या मर्यादेने मोजल्यास ५,४०० युनिट म्हणजे १६,२०० लिटर पाणी. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हा हिशेब उपेक्षणीय मानता येणार नाही.

सौर संचाविषयीही असाच विवेक हवा. छतावर तयार झालेली वीज वजा होऊन देयक येते, तेव्हा देयक घटल्याचे समाधान मिळते. पण त्याच काळात वातानुकूलन यंत्रे वाढली असतील, तर वाढलेला वापर त्या घटीखाली झाकला जातो. निर्मिती आणि बचत ही दोन स्वतंत्र खाती आहेत. एकाची जमा दुसऱ्यात दाखविणे हा हिशेबाचा दोष होय.

मात्र केवळ ‘किती?’ विचारून भागणार नाही. ज्या वर्गात पंखाच नाही, तेथे वापर सर्वांत कमी दिसेल. ती काटकसर नव्हे, विद्यार्थ्यांची वंचना आहे. प्राचार्यांच्या दालनात वातानुकूलन आणि शेवटच्या मजल्यावरील वर्गात घामाघूम विद्यार्थी, अशी विभागणी ज्या संस्थेत असेल, तिची सरासरी कितीही चांगली दिसली तरी तिचे धोरण न्याय्य म्हणता येणार नाही.

यास्तव आमची सूचना साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या वार्षिक अहवालात तीन आकडे द्यावेत : दर विद्यार्थ्यामागे वापरलेली एकूण वीज, छतावर निर्माण झालेली वीज, आणि उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरील वर्गात दुपारी नोंदलेले तापमान. पहिल्या दोहोंसाठी मीटर, तिसऱ्यासाठी तापमापक पुरेसा आहे, आणि नोंदी ठेवण्यास भौतिकशास्त्राचे विद्यार्थी समर्थ आहेत. स्लॅबवर चुन्याचा पांढरा लेप दिल्याने वर्ग किती थंड झाला, हे त्यांनीच मोजावे. ज्या संस्थेत मोजण्याची विद्या शिकविली जाते, तिने स्वतःचा वापर न मोजता केवळ साधनांची यादी सादर करावी, हे तिच्या अध्यापनाशी विसंगत आहे.