जब्बार पटेल आणि चार कादंबऱ्या

कादंबरीवर चित्रपट आला की मराठी वाचकाची पहिली तक्रार ठरलेली: पुस्तकातलं बरंच गाळलंय. जब्बार पटेलांचे चित्रपट पाहताना प्रश्न उलटा विचारावासा वाटतो. कादंबरीतला निवेदक पडद्यावर आला की त्याचं काम कोण करतं?

'जैत रे जैत'मध्ये (१९७७) ते गाणी करतात. गो. नी. दांडेकरांची ही कथा ठाकरांची, लिंगोबाच्या डोंगराची, राणी माशीशी वैर धरणाऱ्या नाग्याची. पटेलांनी सांगण्याची जबाबदारी ना. धों. महानोरांच्या शब्दांवर आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर टाकली. इथे गाण्यासाठी कथा थांबत नाही, गाण्यातूनच ती पुढे सरकते. 'घाशीराम कोतवाल' या नाटकात माणसांच्या रांगेकडून निवेदन करून घेणाऱ्या दिग्दर्शकाला हे सुचावं, यात नवल नाही.

'सिंहासन'मध्ये (१९७९) प्रश्न अवघड होता. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या, त्यांतला पात्रांचा गोतावळा, आणि पटकथेला विजय तेंडुलकर. माझ्या मते या चित्रपटाचं अर्धं श्रेय तेंडुलकरांचं आहे, आणि आपली समीक्षा ते पुरेसं मोजत नाही. मूळ लेखक आणि दिग्दर्शक यांचीच तुलना करताना पटकथाकार मधल्यामध्ये हरवतो. मुख्यमंत्री जिवाजीराव, त्यांच्या खुर्चीवर डोळा असलेले दाभाडे, कामगारनेता डिकास्टा ही सगळी टोकं पत्रकार दिगू टिपणीसच्या फिरण्यातून जोडली जातात. हा दिगू फारसं काही करत नाही. ऐकतो, पाहतो, सिगारेट ओढतो. अशा भूमिकेला निळू फुले! खलनायक म्हणून ज्यांच्या नुसत्या येण्याने प्रेक्षक सावध व्हायचा, त्यांना इथे साक्षीदार केलं. दिगूचं शेवटचं वेडं हसू त्यामुळेच पटतं. सगळा चित्रपटभर साठवलेलं तिथे बाहेर पडतं. किंमत मोजावी लागली ती 'मुंबई दिनांक'ला. त्या कादंबरीतलं अफाट, गजबजलेलं शहर चित्रपटात सत्तेच्या खेळाची पार्श्वभूमी होऊन राहतं.

शांता निसळ यांच्या 'बेघर'वरचा 'उंबरठा' (१९८२) मला तितका समाधान देत नाही. स्मिता पाटीलची सुलभा घरातून, सुधारगृहातून आणि पुन्हा घरातून बाहेर पडते, त्या चेहऱ्याला तोड नाही. पण सुधारगृहातल्या बायका एकेका प्रश्नाचं उदाहरण म्हणून समोर येतात आणि पुढचा प्रसंग त्यांना बाजूला सारतो. पटकथा इथेही तेंडुलकरांचीच, हे विसरून चालणार नाही.

नंतर 'नटरंग', 'शाळा', 'दुनियादारी' आले, कादंबऱ्यांचे हक्क घेणं रुळलं. 'शाळा'सारख्या, एका मुलाच्या मनातून बोलणाऱ्या कादंबरीला तर निवेदकाचा प्रश्न आणखीच टोचतो. तरी चर्चा फिरते ती नटांभोवती आणि गल्ल्याभोवती. पटकथा हातात घेऊन, मूळ पुस्तक शेजारी ठेवून लिहिलेला लेख क्वचितच वाचायला मिळतो.