लांबलेली लग्गी

वडील भनपुरीच्या कारखान्यातली पाळी संपवून तबल्याला बसत. रायपुरातल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात साथीला जात. कार्यक्रमपत्रिकेत गायिकेचं नाव ठळक असे. वडिलांचं सगळ्यात खाली, कधी तर नुसतंच ‘साथसंगत’. म्हणून ड्रमवादकाचं नाव मोठ्या अक्षरांत असलेला जॅझचा अल्बम मी जरा संशयानेच लावतो. इतकी वर्षं आवरून धरलेला हात आता सूड तर उगवणार नाही ना?

त्रिलोक गुर्टू यांच्या ‘उस्फ्रेट’ने (१९८८) हा संशय फेडला, पुरता मात्र नाही. स्वतःच्या नावावरच्या या पहिल्याच अल्बममध्ये त्यांनी आईला गायला बसवलं. आई म्हणजे ठुमरीच्या शोभा गुर्टू. सोबतीला डॉन चेरी यांचा ट्रंपेट, राल्फ टाउनर यांची गिटार, एल. शंकर यांचं व्हायोलिन.

ठुमरीत तबल्याची एक हक्काची जागा असते. बोल बनवून झाले की गायिका मुखडा धरून राहते आणि तबलजी लग्गी सुरू करतो. तेवढ्या आवर्तनांपुरता तो पुढे येतो, मग पुन्हा ठेक्यावर. आईचंच नाव मिरवणाऱ्या ‘शोभारॉक’मध्ये मुलाने जणू ती जागा मागून घेतली आणि तिथेच संसार थाटला. स्टूल न घेता जमिनीलगत बसून, ड्रम आणि तबला एकाच मांडणीत वाजवणारा हा वादक आईच्या स्वराभोवती फिरतो, त्याच्यावर चढत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ठुमरीगायिका एकाच शब्दातून नवनवे अर्थ काढते. त्यासाठी तिला सैल वेळ लागतो. इथे लय घट्ट बांधलेली आणि बास गिटार भारी. त्यामुळे मधूनमधून आईच्या आवाजातला अर्थ मागे पडतो, नुसता रंग उरतो. म्होरक्या मुलगा आहे हे तिथे जाणवतं आणि खुपतं.

एका रात्री वडिलांना हा अल्बम ऐकवला. बाहेर गिरणीची धडधड चालू होती. ते डोळे मिटून मांडीवर ठेका धरत राहिले. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, “लग्गी लांबली रे.” मग थोडं थांबून, “पण आईला पुढे बसवलंय. परत लाव.”